वरच्या हवेचं पत्र

२८ डिसेंबर १९७६, मंगळवार

किमान ११.८. आकाश निरभ्र, वारा नाही. खोली २६.

बाळाला आज सतरा दिवस. नर्सबाई आल्या होत्या. किराणा दुकानातला तराजू मागून आणला. एका पारड्यात परात, परातीत कापूस, कापसावर बाळ. पावणेदोन किलो भरलं. जन्मलं तेव्हा दीडच्या जरा वर होतं. तराजू परत न्यायला दुकानदार स्वतः आला, दाराबाहेरूनच म्हणाला, "मास्तरीणबाई, हरभऱ्याच्या मापात बसून राह्यलं की पोरगं!" माझी निर्मला हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. "साडेसात महिन्याचं लेकरू आहे. तीन किलो होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढायचं न्हाई. त्याला आपली ऊब धरता येत न्हाई, बाई. आपण धरायची."

अंगणातल्या हवामानाच्या पेटीतला जादा थर्मामीटर काढून नि.च्या खोलीत खुंटीला टांगला आहे. मास्तरांच्या मागे पेटी मी वाचते, आणि सरकारी वस्तू घरात. मास्तर असते तर रागावले असते. की नसते. २६च्या खाली गेलं की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशीला ठेवायच्या, हे ठरवलं आहे.

३१ डिसेंबर, शुक्रवार

कि. ११.१. खोली २७.

मंठ्याहून जावयाचं कार्ड. भास्करराव तहसिलीत कारकून, अक्षर वळणदार, पण आज ओळी तिरप्या गेल्या आहेत. व्याह्यांचं पोट फुगलं आहे, अन्न जात नाही. डॉक्टरांनी जालन्याहून परत पाठवलं, घरीच ठेवा म्हणाले. त्यांचं एकच मागणं आहे. नातवाला मांडीवर घ्यायचं आणि नाव ठेवायचं. "सव्वा महिना झाला की न्यायला येतो."

सव्वा महिना म्हणजे वीस जानेवारीच्या आसपास. तोपर्यंत तीन किलो होणार नाही. दोन-सव्वादोन होईल.

निर्मलाने कार्ड दोनदा वाचलं.

४ जानेवारी १९७७, मंगळवार

कि. १०.९. वारा ईशान्येचा, हलका.

सदाशिवरावांचं अंतर्देशीय आलं. मास्तरांच्या बरोबर शिकले, ते वेधशाळेत गेले, हे शाळेत. तिकडे उपकरणं बांधून फुगे सोडतात आणि परदेशातल्या फुग्यांचे आकडेही त्यांच्या टेबलावर येतात. मास्तर गेल्यावरही दर दोन महिन्यांनी लिहितात. बहुधा चौकशीच असते. या वेळी तीन घड्या भरून लिहिलं आहे.

"वहिनी, तुम्ही नकाशे वाचता म्हणून लिहितो. उत्तर ध्रुवावर, तीस किलोमीटर उंचीवर, गेल्या आठवड्यात हवा एकाएकी तापली आहे. चार-पाच दिवसांत तीस-चाळीस अंश. जमिनीवर नाही, वर. जिथे ढगही पोचत नाहीत तिथे."

दोनदा वाचलं. पुन्हा वाचणार. बाळाच्या बाटल्या बदलायची वेळ झाली.

५ जानेवारी

कि. १०.६.

पत्र समजलं असं वाटतं. माझ्या भाषेत लिहून ठेवते, म्हणजे कळेल की खरंच समजलं का.

ध्रुवावर हिवाळाभर रात्र. थंड हवा तिथे साठते आणि तिच्याभोवती वर जोराचा वारा गोल गोल फिरतो. मळणीला मेढीभोवती बैल फिरतात तसा. वारा फिरता आहे तोवर थंडी आत कोंडलेली. कधी कधी खालून, मोठमोठे डोंगर आणि समुद्र यांच्यावरून, हवेच्या लाटा उठतात आणि पार वर जाऊन त्या वाऱ्यावर आदळतात. वारा मंदावतो. कधी उलटासुद्धा फिरतो. वरची हवा खाली दाबली जाते आणि दाबली म्हणून तापते, सायकलीत हवा भरताना पंपाची नळी तापते तशी. मग बैलांची पात मोडते. बैल रानात शिरतात.

म्हणजे वर तापलं तर खाली गारठतं. उलटं वाटतं, पण तसंच लिहिलं आहे. मात्र लगेच नाही. वरून खाली उतरायला दोन-तीन आठवडे. कधी जास्त. कधी उतरतच नाही. उतरली तरी रशियात जाईल, अमेरिकेत जाईल, आपल्याकडे वळेलच असं नाही. "आपल्यापर्यंत येईल असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, वहिनी. आम्ही अजून शिकतोच आहोत. पण या महिनाअखेरीस पेटीकडे लक्ष असू द्या."

महिनाअखेरीस. आणि न्यायला येणार विसाच्या आसपास.

९ जानेवारी, रविवार

कि. १०.२. खोली २७.

व्याह्यांना काय पाठवावं याचा विचार करत होते. फोटो काढायचा तर भोकरदनला न्यावं लागेल, ते नाही. मास्तरांची शाईची दौत काढली. नि.ने पाऊल धरलं, मी कापसाने निळी शाई लावली आणि निरीक्षणाच्या कोऱ्या तक्त्यामागे दाबलं. ठसा माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. पाच टिकल्या. बाळ ओरडलं, पण आवाज आता मांजरीसारखा नाही, माणसासारखा आहे.

पाकिटात घालून टाकलं. पाय दोनदा पुसला तरी निळाच आहे.

१२ जानेवारी

कि. ९.८. काल तोललं. दोन किलो शंभर.

भास्कररावांचं कार्ड. ठसा पोचला. "दादांनी तो उशीखाली ठेवला आहे. दर माणसाला काढून दाखवतात. पण आता जास्तच घाई करतात." बरं करायला गेले आणि घाई वाढवून बसले.

१४ जानेवारी, शुक्रवार

कि. ९.५.

संक्रांत. वरच्या आळीतल्या दोघी तिळगूळ द्यायला आल्या, उंबऱ्याबाहेरून हातावर टाकून गेल्या. आत बाळ पाहायला या म्हटलं तर, "आज न्हाई, पुन्हा कधी." मास्तर अशा वेळी तिळगूळ मोजायचे आणि म्हणायचे, दर वर्षी एक दाणा वाढतोय बघ. आज मोजला नाही.

१६ जानेवारी, रविवार

कि. ७.६. आतापर्यंतचं या हिवाळ्यातलं सगळ्यांत कमी.

पेटीपाशी उभी असतानाच नि.ची हाक आली. "आई! आई, पळ!" दूध नाकात गेलं होतं. ओठ निळे. पालथं धरून पाठीवर थापटलं, फुंकर घातली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग रडलं. पाऊल अजून निळंच, ओठ मात्र लाल झाले. वही नंतर भरली.

संध्याकाळच्या गाडीने भास्करराव आणि विहीणबाई आल्या. चार दिवस आधीच. व्याह्यांना परवापासून पाणीही उतरत नाही. उद्या दहाच्या एस.टी.ने न्यायचं म्हणतात. जालन्याला गाडी बदलून मंठा. खिडक्यांना काचा आहेत-नाहीत.

१७ जानेवारी, सोमवार

कि. ७.६.

वाचलं आणि आत येऊन सांगितलं, आज नेता येणार नाही. सदाशिवरावांनी लिहिलं तेच सुरू झालं आहे, दोन दिवस साडेसातच्या आसपास टिकलं आहे.

विहीणबाई गयाबाई, तोंडाच्या फटकळ, पण मनात ठेवत नाहीत. चहाची बशी खाली ठेवली. "इहीणबाई, तिकडं मानूस डोळे लावून बसलंय. आन् तुम्ही काचेच्या नळीला इचारून राह्यल्या!"

पत्र दाखवलं. वाचता येत नाही त्यांना, भास्कररावांनी वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "धुरवावरचा वारा. तो तिथून निघनार, इतके देश सोडून मंठ्याला येनार, आन् माझ्याच नातवाला हुडकनार व्हय?"

भास्कररावही म्हणाले, "मामी, बाहेर एवढी थंडी तर वाटत न्हाई. मी आत्ताच आडावर तोंड धुऊन आलो."

"अंगाला कळत नाही, नळीला कळतं," मी म्हटलं.

हे वाक्य मास्तरांचं आहे. मी त्यांच्या आवाजातच बोलले असणार, कारण जावयांनी पिशवी उचलली. दुपारच्या गाडीने दोघं रिकाम्या हातांनी गेले. जाताना गयाबाईंनी बाळाच्या पायाला, निळ्या जागेला, हात लावून तो कपाळाशी नेला.

१८ जानेवारी, मंगळवार

कि. ७.६.

लिहिलं आणि लेखणी तशीच धरून बसले. तीन दिवस. दशांशसुद्धा तोच. तेरा वर्षांच्या वह्यांत असं कधी झालेलं नाही.

मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. किमानाची नळी आडवी असते. आत काळी काडी, सुईच्या टोकाएवढी. थंडी पडली की द्रव आखडतो आणि काडीला मागे ओढून नेतो. ऊन पडून द्रव परत पसरला तरी काडी जिथे नेली तिथेच राहते. म्हणून सकाळी वाचून झालं की नळी वाकडी करायची, काडी परत द्रवाच्या टोकाला टेकवायची. नाही टेकवली तर उद्या कालचंच वाचाल. "वाचणं अर्धं काम. टेकवणं अर्धं."

रविवारी नि.ची हाक आली आणि मी वाचून पळाले. टेकवली नाही. काल सकाळी टेकवली का? नाही. घाईघाईने आत सांगायला गेले. सांगायची केवढी घाई होती मला.

म्हणजे काल साडेसात नव्हतंच. नऊ असेल, दहा असेल. जावई आडावर तोंड धुऊन आले ते बराबर होते.

आत्ता टेकवली.

रेडिओवर निवडणुका जाहीर झाल्या. गल्लीत सगळे तेच बोलतायत.

१९ जानेवारी

कि. ११.२. हे खरं.

वहीत १७ आणि १८ दोन्ही लाल शाईने खोडले, बाजूला लिहिलं, वाचन चुकीचं, काडी टेकवली नव्हती. मग कार्ड घेतलं आणि भास्कररावांना तेच लिहायला बसले.

निर्मला म्हणाली, "आई, कशाला लिहितेस? ते गेले. बाळ इथंच राहिलं. झालं ते बरंच झालं."

"खोटा आकडा ठेवता येत नाही."

"ही तुझी वही न्हाई, आई. माझं लेकरू आहे."

तिच्याकडे पाहवेना. तरी लिहिलं. "१७ तारखेचं किमान ७.६ नव्हतं. माझ्याकडून चूक झाली. तुम्हाला चुकीच्या आकड्यावर परत पाठवलं. तरीही बाळाला अजून हलवू नये असं माझं मत आहे, पण ते मत आहे, वाचन नाही."

टपालपेटीत टाकून आले. परत येताना वाटलं, हात घालून काढता आलं असतं तर.

२१ जानेवारी, शुक्रवार

कि. १०.८. खोली २७.

मास्तरांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, अमेरिकेत भयंकर थंडी. नद्या गोठल्या. जिथे कधी पडत नाही तिथे बर्फ. वरून उतरली ती, तिकडे उतरली. आपल्याकडची हवा मऊ आहे. सगळी तिकडेच गेली असेल तर बरं, असं मनात आलं. तिथेही कुणाची बाळं असतीलच. हे नंतर मनात आलं.

२२ जानेवारी, शनिवार

कि. १०.९.

भास्करराव एकटेच आले, सकाळच्या गाडीने. माझं कार्ड खिशात. दार लावून घेतलं, मग बोलले.

"मामी, तुम्ही खरं लिवलं. दुसरं कुणी लिवलं नसतं. म्हणून मी भांडायला आलो न्हाई. पण आता एक सांगा. किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"चार? आठ?"

"पत्रात दोन-तीन आठवडे म्हटलंय. ते आता भरत आले. येईल तर आता येईल. किंवा येणारच नाही."

"दादांना मी काय सांगू? येईल तर येईल?" एवढा शांत माणूस, गुडघ्यावर मूठ आपटली. मग लगेच, "माफ करा."

गेल्यावर सदाशिवरावांना तार केली. दिवस सांगा म्हणून.

२५ जानेवारी, मंगळवार

कालचं कि. १३.१. आजचं १६.४. ढग. पश्चिमेकडून, उंचावर, आधी पिंजलेल्या कापसासारखे, आज सकाळपासून दाट. नि.ने अंगावरची चादर काढून टाकली. खोली न तापवता २८.

बाळ दोन किलो साडेचारशे.

सदाशिवरावांचं उत्तर आलं. चारच ओळी. "दिवस विचारू नका, वहिनी. वर जे मोडलं ते दिसलं. खाली कुठे, कधी, ते आम्हालाही येऊन गेल्यावर कळतं. पश्चिमेकडून एक ढगाळ हवा उत्तरेत शिरली आहे. ती गेल्यावर तिच्या मागे काय येतं ते पाहा."

दुपारभर मास्तरांच्या वह्या काढून बसले. सगळे हिवाळे. पाचच्या खाली किमान गेलं ते चार वेळा. चारही वेळा त्याआधी दोन-तीन दिवस असेच, ढगाळ, उबदार, पंधरा-सोळा. एकदा थेंबही पडलेले. मग वारा उत्तरेला वळतो, आकाश धुतल्यासारखं होतं आणि खाली जातं.

म्हणजे ही ऊब चांगली नाही. पण हे कुणाला सांगू? थंडी आली म्हटलं तेव्हा नव्हती. आता घाम येतोय तर म्हणू, थंडी आली?

संध्याकाळी भास्करराव आणि गयाबाई. उद्या सव्वीस जानेवारीची सुट्टी. गयाबाई या वेळी भांडल्या नाहीत, थेट बाळापाशी जाऊन बसल्या, तेच वाईट वाटलं. व्याही आता दिवसातून एकदाच डोळे उघडतात.

२६ जानेवारी, बुधवार

कि. १६.९. ढगाळ. पहाटे चार थेंब.

सगळं सांगितलं. वह्या पुढे ठेवल्या, चारही हिवाळे दाखवले. म्हटलं, मागच्या वेळी चुकले, या वेळीही चुकत असेन. पण दोन दिवसांत थंडी पडेल असं वाटतं.

निर्मलाच बोलली. "मंग आजच नेते."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

"आज ऊब आहे. आजच्या उन्हात—ऊन न्हाई, पण गारवाही न्हाई. आज निघालं तर दिवस बुडायच्या आत घरी. मंग येऊ दे थंडी, आम्ही घरात असू. इथं बसले आन् थंडी पडली तर दहा दिवस हलता येणार न्हाई. मामंजी तेवढे राहणार न्हाईत."

बराबर बोलत होती. मास्तरांची पोरगी. मी त्यात चूक शोधली, सापडली नाही. एवढंच की मंठ्याचं घर पत्र्याचं आहे, एकच मोठी खोली आणि त्यात आजारी माणूस. तेही बोलून दाखवलं. गयाबाई म्हणाल्या, "मी शेगडी करते की. चार पोरं काढली म्या त्या पत्र्याखाली."

"कोळशाची शेगडी बंद खोलीत नको," मी म्हटलं. "धुराने बाळ जाईल. बाटल्याच."

मी हो म्हटलं. हे लिहून ठेवते. कुणी ओढून नेलं नाही, मी हो म्हटलं.

जादा थर्मामीटर नि.च्या पिशवीत दिला, लुगड्यात गुंडाळून. सव्वीसच्या खाली बाटल्या, चोवीसच्या खाली बाळ पोटाशी, उघड्या अंगाला, वरून गोधडी. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. शेवटच्या वेळी ओरडली, "पाठ झालं आई!"

मी येऊ का विचारलं. गयाबाई म्हणाल्या, "तुमची पेटी कोन बघंल मंग?" चेष्टेनेच म्हणाल्या. पण मला तेवढं पुरलं. गेले नाही. तेरा वर्षांत एक रकाना रिकामा नाही, असं मनात म्हटलं. खरं कारण ते नव्हतंही. मरणाच्या खोलीत पुन्हा जायची भीती वाटली.

शाळेतल्या झेंड्याचं गाणं चालू होतं तेव्हा गाडी आली. कंडक्टरने पुढची, इंजिनाजवळची बाकडी मोकळी करून दिली. "मास्तरांचा नातू का? बसा, बसा. इथं गरम असतं."

कमाल २७.०.

२७ जानेवारी, गुरुवार

कि. १३.२. टेकवली.

दहानंतर वारा उत्तरेला वळला. बारापर्यंत आकाशात एक ढग नाही. दूरचे डोंगर हात लावावा इतके जवळ दिसतात. वहीत चारही वेळा हाच शेरा आहे, मास्तरांच्या अक्षरात. "दृष्टी अतिशय स्वच्छ."

नि.ची खोली तशीच आहे. खुंटी रिकामी. किती अंश असेल ते आता कळायचा मार्ग नाही. थंड आहे.

कमाल २२.१.

२८ जानेवारी, शुक्रवार

कि. ७.३. टेकवली. दोनदा पाहिलं, काडी टोकाला आहे.

मिरच्यांची पानं माना टाकून आहेत. शेजारचे सखारामभाऊ गव्हाला पाणी देऊन आले, म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमची थंडी आली बरं का!" माझी थंडी. जणू मी बोलावली.

टपालात काही नाही. कार्डाला अजून एक दिवस लागेल.

कमाल १९.४. वारा उत्तरेचा, थांबत नाही.

साडेसहाच्या गाडीच्या कंडक्टरने घरी येऊन चिठ्ठी दिली. मंठ्याच्या कंडक्टरने जालन्याच्या स्टँडवर याच्या हातात दिली होती. घडी केलेला वहीचा कागद. निर्मलाचं अक्षर.

"मामंजींनी मांडीवर घेतलं. नाव आनंद ठेवलं. काल रात्री मामंजी गेले. घरात माणसं भरली, दार सारखं उघडं. बाटल्या पुरत नाहीत. बाळ पोटाशीच आहे. दूध ओढत नाही. खोली १९. काय करू?"

१९.

कंडक्टर दारात उभा होता. "उत्तर द्यायचं का काही?"

आता जालन्याला गाडी नाही. उद्याची पहिली नऊची. मी म्हटलं, उत्तर मीच घेऊन येते.

नर्सबाईंकडे जाऊन आले. ऐकून त्यांनी आधी डोळे मिटले. मग नळी दिली, काचेची, बारीक, दूध थेंब थेंब घालायची. "ओढत नसेल तर असं घाला. पोटाशी ठेवा, सोडू नका. पाय हाताला गार लागले तर आधी पायांना ऊब द्या."

पाय. निळा आहे अजून का कोण जाणे.

२९ जानेवारी १९७७, शनिवार

बांधलं आहे ते: पिंजलेला कापूस, सहा बाटल्या, मास्तरांची लोकरीची बंडी, मास्तरांची गोधडी, दुधाची नळी.

मास्तरांना जाऊन आज दोन वर्षं झाली. तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, घाईतच. त्या दिवशी सकाळी साडेआठला ते पेटीपाशी गेले, किमान लिहिलं, काडी टेकवली, आत येऊन बसले आणि पाणी मागितलं. पाणी घेऊन आले तोवर संपलं होतं. संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना साडेपाचला मी उठून पेटीपाशी गेले. का गेले ते कुणाला सांगता आलं नाही. त्या दिवसाचं किमान त्यांच्या अक्षरात आहे, कमाल माझ्या. तेव्हापासून मी कुठे गेले नाही. लोकांना वाटतं पेटीमुळे. मलाही वाटायचं.

साडेआठ. पेटीचं दार उघडताना बोटं कडीला गारठली. गवतावर पांढरं आहे. या गावात मी हे पाहिलेलं नाही.

कि. ३.९.

पत्र आलं त्याला तीन आठवडे आणि चार दिवस. सदाशिवरावांना कळवायला हवं. आल्यावर.

निघताना सखारामभाऊंना विचारलं, संध्याकाळी साडेपाचला कमाल वाचाल का. बिचारे गोंधळले. "मला त्यातलं काय कळतंय, मास्तरीणबाई? उगा काही तरी लिवीन." मग राहू दे म्हटलं. उगाच काही लिहिण्यापेक्षा रिकामं बरं.

निरीक्षणाची वही पिशवीत घेत नाही. फक्त ही रोजनिशी घेते आहे. गाडीचा आवाज पुलापाशी ऐकू येतोय.

काडी टेकवली.

कमाल —